अननस करपला तेव्हा

हर्षिता ओल्या केसांनी न्हाणीघरातून धावत आली आणि “अप्पा, काय जळतंय?” म्हणून ओरडली, तेव्हा हयवदन स्वयंपाकघरात ओट्यापाशी डोळे मिटून उभा होता. त्याने डोळे उघडले तर समोरची खिडकी धड दिसेना. एअर फ्रायरच्या मागच्या जाळीतून निळा, दाट धूर निघत होता आणि छताशी जाऊन गोळा होत होता. हर्षिताने त्याला खांद्याने बाजूला सारलं, बटण बंद केलं, फडक्याने धरून टोपली ओढली. अननसाच्या चकत्या काळ्या पडून कडांना वाकल्या होत्या. त्यांच्यावर भुरभुरलेली साखर वितळून तळाशी गळली होती, आणि तिथे तिचा डांबरासारखा थर अजून बुडबुडत होता. तिने टोपली सिंकमध्ये ठेवून नळ सोडला, चर्र आवाज झाला. मग तिने खिडकी उघडली, बाहेरच्या खोलीचं दार उघडलं. “मला शॉवरखाली वास आला, दोन दारं बंद असताना. तुम्ही इथेच उभे होतात ना?” “हो,” तो म्हणाला. “मग?” त्याचे डोळे चुरचुरत होते, घसा खवखवत होता, खोकला येत होता. धूर आहे हे डोळ्यांना कळत होतं, घशाला कळत होतं. वास तेवढा नव्हता. त्याने पुन्हा एकदा, हळूच, ती बघत नाहीसं पाहून श्वास आत ओढला. कुठेच नव्हता.

एचएसआर लेआउटमधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे यंत्र येऊन आठवडाच झाला होता. मुलीने, हर्षितानेच आणलं होतं. त्या रविवारी दुपारी तिने अननस चिरला, चकत्यांना लोणी चोळलं, ब्राउन शुगर आणि दालचिनीची पूड भुरभुरली आणि सांगितलं, एकशे ऐंशीवर दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटायचं, की कॅरमलाइज्ड पायनॅपल तयार. मी न्हाऊन येते. हयवदनने आकडे थेट दोनशेवर आणि वीस मिनिटांवर नेले होते. मिनिटं काय मोजायची, साखर तांबूस व्हायला लागली की वास वळतो, तो वळला की काढायचं. टायमर ही नाक नसलेल्यांची सोय आहे, असं तो म्हणाला होता आणि ती हसून आत गेली होती. तो वळणारा वास त्याला पाठ होता. आधी नुसतं तापलेलं फळ, मग लोणी, मग गोडाच्या पोटातून कडूची एक बारीक रेघ वर येते, केसाएवढी. त्या रेघेची वाट बघत तो डोळे मिटून उभा राहिला होता, कारण कामावरही तो असाच उभा राहत असे. रेघ आली नाही, म्हणजे अजून वेळ आहे, असं त्याला वाटत राहिलं. आणि खरी भीती इथून सुरू झाली की वाट बघताना त्याला काहीतरी येत होतं. तापलेल्या अननसाचा वास, लोण्याचा वास. शपथेवर सांगितलं असतं त्याने. मग तो वास होता कुठे? नाकात की डोक्यात? सिंकमधल्या टोपलीतून त्याने त्यातल्या त्यात कमी करपलेला एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. गोड. आंबट. मागून कडू. जिभेवर तीन वस्तू सुट्या सुट्या ठेवाव्यात तसं. अननस त्यात नव्हता. “डोळा लागला गं उभ्या उभ्या,” तो हर्षिताला म्हणाला. संध्याकाळी अनुसूया, त्याची बायको, मल्लेश्वरमहून भजन आटोपून आली तेव्हा हर्षिताने तिला हेच सांगितलं, आणि तिघंही हसली. तो सगळ्यांत मोठ्याने हसला.

त्याचं नाक ही घरातली चेष्टेची गोष्ट असली तरी बाहेर ती तशी नव्हती. एकतीस वर्षं त्या नाकावर तो यशवंतपूरच्या एका अगरबत्तीच्या कारखान्यात कामाला होता. पूर्वज कधीकाळी शहाजीराजांच्या मागोमाग इकडे कन्नड मुलखात आले म्हणून घरात सांगत. त्यानंतर सगळे शास्त्री, कारकून, मास्तर. हा पहिलाच कारखान्यात शिरलेला. आताच्या मालकाच्या, पवनकुमारच्या वडिलांनी, म्हणजे जुन्या मालकांनी, त्याला टेबलापाशी बसवून अत्तरात बुडवलेल्या सात कागदी पट्ट्या एकामागून एक नाकाखाली धरल्या होत्या. त्याने सातही ओळखल्या आणि वर म्हणाला की पाचवी आणि दुसरी एकच आहे, फक्त पाचवी जुनी झालीय. म्हातारा उठून उभा राहिला होता. तेव्हापासून तेलाचं कुठलंही पिंप, काडीचा कुठलाही माल हयवदनच्या शब्दाशिवाय पुढे गेला नाही. काडी पेटवायची, ती विझवून धुमसत ठेवायची, दार लावायचं आणि त्याने डोळे मिटून उभं राहायचं. पुड्या भरणाऱ्या बायका त्याला पाठीमागे ‘मूगु’ म्हणत, म्हणजे नाक. त्याला ते माहीत होतं आणि आवडत होतं. दसऱ्यानंतर त्याला ताप आला होता, आठ दिवस, सर्दीसकट. त्यातून उठल्यावर सगळं थोडं लांब गेल्यासारखं वाटलं होतं, पण कापूर नाकात थंड लागत होता, लवंग झोंबत होती, निलगिरी चढत होती. आता रविवारी रात्रभर तो आठवत होता की थंड लागणं, झोंबणं, चढणं यांतलं काहीही वास नसतं. मिरचीही झोंबते. पिंपावर ‘मोगरा’ लिहिलेलं असे, तो झाकण उघडून वाकत असे, आणि एकतीस वर्षांचा मोगरा आतून वर येत असे. त्याने सहा महिने चिठ्ठ्या वाचल्या होत्या की वास घेतला होता?

सोमवारी सकाळी सिल्क बोर्डहून पिवळ्या मेट्रोने आर. व्ही. रोड, तिथून हिरव्या मेट्रोने यशवंतपूर, या सबंध प्रवासात तो माणसं हुंगत होता. शेजारच्या बाईच्या वेणीत मल्लिगे होती, मोगरा. काही नाही. समोरच्याच्या पिशवीतून कढीपत्ता डोकावत होता. काही नाही. आज पवनकुमारला सांगायचं असं त्याने ठरवलं होतं, निदान मेट्रोत तरी ठरवलं होतं. पण कारखान्यात पोचला तर पवनकुमार आधीच चाचणीच्या खोलीत उभा होता, हुबळीच्या व्यापाऱ्याचा मोठा माल शुक्रवारी लॉरीने जायचा होता, त्यासाठीचं नवं मोगऱ्याचं पिंप थेट टेबलावर आलं होतं, त्यात बुडवून वाळवलेल्या नमुन्याच्या काड्या तयार होत्या. रूपश्री काडी घेऊन उभी होती. ती दोन वर्षं त्याच्या हाताखाली शिकत होती. के. आर. पुरमच्या एका शिंप्याची मुलगी, घरी मराठी बोलणारी, म्हणून त्याने तिला मुद्दाम घेतलं होतं. तिने काडी पेटवली, विझवली, दार लावलं. हयवदनने डोळे मिटले. मोगरा आला, आतून, नेहमीसारखा, आज्ञाधारक. “पास,” तो म्हणाला. “सर,” रूपश्री म्हणाली. “खाली एक रॉकेलसारखा येतोय. स्वल्प.” खोलीत तिघंच होती. पवनकुमारने हयवदनकडे पाहिलं. या क्षणी तो सांगू शकत होता. पुढच्या चार दिवसांत त्याने हा क्षण इतक्या वेळा उलटून पाहिला की त्याच्या कडा झिजल्या. पण त्या वेळी तो किती लहान होता, एक श्वास घेऊन सोडण्याएवढा. “तुला सर्दी झालीय,” तो म्हणाला. “सर्दी नाही सर मला.” “मग अजून नाक तयार नाही तुझं.” हे तो तिच्याकडे न बघता, पवनकुमारकडे बघून म्हणाला. त्या महिन्यात तिला कायम करून दुसऱ्या चाचणीखोलीचं काम द्यायचं ठरत होतं. पवनकुमारने मान हलवली. “सरी, ठीक आहे. मग आणखी एक वर्ष बघू,” तो म्हणाला, आणि निघून गेला. रूपश्रीने काडी वाळूत खुपसून विझवली. ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, आजारी माणसाकडे बघतात तसं, आणि खोलीबाहेर गेली. मंगळवारी ती आली नाही. बुधवारी पण नाही.

बुधवारी तो दुपारीच घरी आला. हर्षिता ऑफिसात होती, अनुसूया खालच्या मजल्यावरच्या मुलांना गाणं शिकवायला गेली होती, सहाशिवाय वर येत नसे. कोपऱ्यावरच्या गाडीवरून त्याने अननस घेतला, एलक्की म्हणजे वेलची केळी घेतली, चिकू, पेरू, एक सफरचंद. फळवाल्याने पेरू त्याच्या नाकापाशी धरून “वास नोडी सर,” वास बघा, म्हटलं, तेव्हा तो दचकून मागे सरला. घरी त्याने सगळी फळं चिरली. केळी उभी कापून कापलेली बाजू साखरेत दाबली. पेरूला आणि चिकूला गूळ लावला. यंत्र तापवलं आणि पहिली टोपली आत सारली. पंखा घोंघावायला लागला. चार मिनिटांनी टोपली काढायची, चेहरा जवळ न्यायचा, इतका की गरम वाफेने नाकाचा शेंडा भाजावा, आणि डोळे मिटायचे. मग सहा मिनिटांनी. मग आठ. डोळ्यांना सगळं कळत होतं. केळ्यावरची साखर आधी ओली झाली, मग काचेसारखी, मग मधासारखी, मग कडांना तांबडी. अननसाचा रस कडेला फुटून पाकात मिसळत होता, त्याचे बारीक फुगे येऊन फुटत होते. अनोळखी भाषेतलं बोलणं बघावं तसं तो ते बघत होता. ओठ हलतात, अर्थ लागत नाही. चिकू त्याने तसाच ठेवला, दहा, बारा, पंधरा मिनिटं, मुद्दाम. त्याच्यावरचा गूळ काळा झाला, धूर यायला लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तो खोकला, आणि तरी त्या धुरात तोंड घालून उभा राहिला, म्हणाला, ये, ये ना. मोठ्याने म्हणाला. लहानपणी आजारी पडल्यावर आई तांदळाच्या पेजेवर साजूक तूप घालायची, आणि वाटी खोलीत यायच्या आधी तूप यायचं. त्या वासाची त्याने आता वाट पाहिली, निदान आठवणीतून तरी यावा म्हणून. आणि त्याच्या ध्यानात आलं की तोसुद्धा येत नाहीये. तूप हा शब्द येत होता. पितळी वाटी दिसत होती. सोमवारपर्यंत जे आतून येत होतं ते, त्याच्यावरचा विश्वास उडाल्याबरोबर, निघून गेलं होतं.

“कुणी येणार आहे का?” अनुसूया दारात उभी होती. किल्लीचा आवाज त्याला ऐकू आला नव्हता. एका मुलीला बरं नव्हतं म्हणून ती तासभर आधी वर आली होती. ओट्यावर पाच ताटल्या होत्या. पिवळी, तांबूस, तपकिरी, काळी फळं. तिने पदराने धूर हलवला, खिडकी उघडली, यंत्र बंद केलं, आणि मग एका ताटलीतून केळ्याचा तुकडा उचलून खाल्ला. “हे छान झालंय हो. तुम्ही केलंत?” “अनु,” तो म्हणाला, “याला वास कसा येतोय सांग.” “म्हणजे?” “सांग ना. कसा येतोय?” ती हसली, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. तिने ताटली नाकापाशी नेली. “केळ्याचा. आणि पाकाचा. लग्नघरात जिलबीचा पाक उतरवल्यावर मांडवात जो सुटतो ना, तसा. पण त्याच्यापेक्षा स्वल्प कडू.” ती बोलत बोलत हळू झाली. “तुम्हाला येत नाहीये.” तो ओट्यावर सांडलेला पाक बोटाने पुसत राहिला. “अजिबात?” त्याने मान हलवली. ती खुर्चीवर बसली. ती जवळ येईल, पाठीवर हात ठेवेल, असं त्याला वाटत होतं. ती म्हणाली, “हिंग.” त्याला आधी कळलं नाही. “तीन वेळा हिंग बदलला मी,” ती म्हणाली. “सारात वास नाही म्हणालात म्हणून. चिकपेटला जाऊन दाणेदार हिंग आणला. मग मिरी बदलली. तूप घरी कढवायला लागले पुन्हा. संक्रांतीला वहिनींच्या पुढ्यात म्हणालात, हिच्या हाताची चव गेली आता, वय झालं. मी हसले तेव्हा. घरी येऊन एकटीने सार करून प्यायले, दोन वाट्या. मला तर लागत होती चव. मग मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय, मला वाईटातलं चांगलं कळेनासं झालंय.” तिचा आवाज चढला नव्हता. तिने गाण्यातला सूर सांभाळावा तसा तो सांभाळून धरला होता, आणि त्यामुळे त्याला ते ऐकवेना. “मला माहीत नव्हतं गं,” तो म्हणाला. “नव्हतं. पण आपलंच काही चुकत असेल, असं एकदा तरी आलं का तुमच्या मनात? सहा महिन्यांत, एकदा?” तो ओट्याला टेकून उभा होता, बोटं पाकाने चिकटलेली. एकदाही आलं नव्हतं. ती उठली, काळ्या चिकूची ताटली कचऱ्यात ओतली आणि त्याच्याकडे पाठ करून नळाखाली घासायला लागली. घासता घासता म्हणाली, “आणखी कुणाला म्हणालात असं?”

गुरुवारी सकाळी तीच त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने नाकात नळी घालून पाहिलं, कुप्या हुंगवल्या, ताप कधी आला होता ते विचारलं. तापानंतर वासाची नस कधी कधी अशी मरगळते, काहींची वर्षभरात परत येते, काहींची येत नाही, आत्ता सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. हयवदनला ते ऐकून धक्का बसला नाही. त्याच्या डोक्यात लॉरी होती. दुपारी तो जांभळ्या मेट्रोने के. आर. पुरमला गेला. रूपश्रीच्या वडिलांचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. खाली शिवणयंत्रं, वर घर. वडिलांनी मापाची फीत गळ्यात घेऊनच त्याला वर नेलं, “अय्यो, सर स्वतः आले,” असं म्हणत, कारण त्यांना काहीच माहीत नव्हतं. मुलीने त्यांना डोकं दुखतंय एवढंच सांगितलं होतं. रूपश्री खिडकीपाशी बसली होती. आईने कॉफी आणली. कॉफी गरम होती आणि कडू होती. आईवडील खाली गेल्यावर हयवदनने पेला खाली ठेवला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणायला सुरुवात केली, “रूपश्री, मला वास येत—” “येत नाही,” ती म्हणाली. “मला माहीत आहे अण्णा.”

कारखान्यात ती त्याला सर म्हणत असे. त्याने विचारलं, “कधीपासून?” “दिवाळीनंतर तुम्ही मला वाळा आणि चंदन दोन पट्ट्यांवर दिलेत आणि विचारलंत, यातला वाळा कुठला. मला वाटलं, माझी परीक्षा घेताय. मी सांगितलं. तुम्ही लिहून घेतलंत. परीक्षा घेणारा लिहून कशाला घेईल?” ती खिडकीतून खाली बघत बोलत होती. “मग मी बघायला लागले. तुम्ही चिठ्ठी वाचल्यावर वाकायचात. म्हणून तुम्ही बोलायच्या आधी मी बोलायला लागले, सर हा जुना वाटतो, सर हा गोड जास्त आहे. तुम्ही चिडायचात, मोठ्यांच्या आधी तोंड उघडते म्हणून.” त्याला आठवलं. तो चिडला होता, खूपदा. दोन बायकांसमोर तिला एकदा उद्धट म्हणाला होता. “चार पिंपं मी गोडाऊनमधूनच परत पाठवली. तुमच्या टेबलापर्यंत येऊच दिली नाहीत. सोमवारचं थेट आलं, मालकांसोबत. मला वेळ नाही मिळाला.” सहा महिने तो ज्या जमिनीवर ताठ चालत होता ती हिने खालून दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, आणि तो तिच्या बोटांवरून चालत होता. “सांगितलं का नाहीस मला?” “तुम्हाला?” ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. “तुम्हाला कसं सांगायचं? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल आणि तुम्ही लपवताय. मग वाटलं, माहीत नसेल तर मी सांगितल्यावर तुम्ही काय कराल. माझ्या काकांची नजर गेली तेव्हा त्यांनी मशीन विकलं आणि महिनाभर कुणाशी बोलले नाहीत.” खालून यंत्राचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. “माझं चुकलं,” हयवदन म्हणाला. “सोमवारी मी तुझं जे काही—” “माफी इथे नको अण्णा. इथे कुणी ऐकत नाही.” “उद्या येशील?” तिने कॉफीचा पेला उचलला. “येईन. मी काही बोलणार नाही. दारात उभी राहीन.”

शुक्रवारी पटांगणात लॉरी उभी होती, निम्मी भरलेली. पवनकुमार चाचणीच्या खोलीत फोनवर बोलत होता. हयवदन आत गेला आणि फोन संपेपर्यंत थांबला. ती दोन मिनिटं त्याने टेबलाची कड धरून ठेवली होती. “पवन,” तो कन्नडमध्ये म्हणाला, “मोगऱ्याचा माल थांबव. त्यात रॉकेलचा वास आहे. सोमवारी रूपश्रीने सांगितलं ते बरोबर होतं.” “मग तुम्ही पास कसा केलात?” “मला वास येत नाही.” पवनकुमार हसण्याच्या बेतात होता, ते ओठांवरच राहिलं. बाहेर लॉरीत खोके आपटल्याचे आवाज येत होते. “कधीपासून?” रविवारपासून, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. रविवारीच कळलं होतं त्याला. त्या एका शब्दाखाली सहा महिने झाकले गेले असते, एकतीस वर्षं शाबूत राहिली असती, एका आठवड्याची चूक, आजारपण, वय. दारात रूपश्री उभी होती, जमिनीकडे बघत. तो रविवार म्हणाला तर ती मान वर करणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यामुळेच ते इतकं सोपं होतं, आणि त्यामुळेच म्हणता येईना. “दसऱ्यापासून,” तो म्हणाला. “मला रविवारी कळलं. हिला दिवाळीपासून माहीत होतं. या सहा महिन्यांत वाईट माल बाहेर गेला नसेल तर तो हिच्यामुळे गेला नाही. आणि हिचं नाक तयार नाही असं मी म्हणालो, ते खोटं होतं. माझ्यापेक्षा जास्त तयार आहे.” पवनकुमार स्टुलावर बसला. “माझे वडील,” तो म्हणाला, “तुमच्या एका शब्दावर—” मग रूपश्रीला म्हणाला, “लाव काडी.” तिने लावली. वीस आकडे मोजायच्या आत तिने मान हलवली आणि दार उघडून दिलं. पवनकुमार उठला, पटांगणात जाऊन त्याने लॉरीवाल्याला हाक मारली. परत येऊन तो रूपश्रीला म्हणाला, “दसऱ्यापासूनचे ठेवणीतले नमुने काढ सगळे. एकेक लावायचा. आजपासून हे टेबल तुझं.” आणि हयवदनला, त्याच्याकडे न बघता, “तुम्ही घरी जा. सोमवारी बोलू.”

तो घरी गेला नाही. पटांगणातून फाटकापर्यंत गेला आणि तिथे थांबला. लॉरीतले खोके उतरवून पत्र्याच्या शेडखाली आणले जात होते. ताडपत्रीवर दहा-बारा बायका बसल्या होत्या. तीन दिवस खपून त्यांनीच ते भरले होते, आता त्यांनाच ते फोडायचे होते. काड्या वाया, निदान खोके वाचवायचे. इतक्या वर्षांत तो या शेडमधून हजारदा गेला असेल, बसला कधीच नव्हता. “कुणाच्या चुकीने हे?” संध्याक्का मान वर न करता, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, म्हणाली. ती त्यांच्यात सर्वांत जुनी. “माझ्या,” हयवदन म्हणाला. हात थांबले. कुणीतरी कुणाकडे तरी पाहिलं. त्याला वाटलं, आता हसतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे उठून उभ्या राहतील. संध्याक्काने त्याला खालपासून वरपर्यंत निरखलं, मग गुडघे आवळून बाजूला सरकली. “बन्नी,” ती म्हणाली, या. तो चपला काढून ताडपत्रीवर बसला. मांडी घालताना कंबरेत कळ आली. पहिले तीन खोके त्याने फाडले. “असे ओढू नका,” ती म्हणाली, “चिकटपट्टीखाली नख घाला, हळू उचला, असं.” तिने त्याला दाखवलं. चौथा फाटला, पाचवा नीट उघडला. चाचणीखोलीचं दार उघडं होतं आणि तिथून रूपश्रीचा आवाज येत होता, नमुन्याचा नंबर, मग थांबणं, मग “चांगला,” पुन्हा नंबर, पुन्हा थांबणं. प्रत्येक थांबण्याला त्याचे हातही थांबत होते. “चांगला.” तो पुढचा खोका घेत होता. दुपारचा भोंगा झाला तेव्हा कार्तिकातले नमुने संपून मार्गशीर्षातले सुरू झाले होते, आणि संध्याक्काने, त्याला न विचारता, न उघडलेल्या खोक्यांचा आणखी एक गठ्ठा त्याच्यापुढे सरकवला.